बिनमजकुराचा फ्लेक्स

कोल्हापुरात माणसाचा मोठा फोटो चौकात लागतो तो दोन वेळा, वाढदिवसाला आणि मेल्यावर. मधल्या दिवसांत त्याला कोणी हिंग लावून विचारत नाही. हे मी ऐकीव सांगत नाही. या दोन्ही प्रसंगी लोक आमच्याच दुकानात येतात, कारण आमचा फ्लेक्स छापायचा धंदा आहे. वाढदिवसवाले हसत येतात आणि फोटोच्या साइजवरून भांडून जातात. मयतवाले रडत येतात आणि तेही फोटोच्या साइजवरूनच भांडून जातात. फरक एवढाच, की मयताच्या वेळी भांडण गेलेल्या माणसाच्या फोटोवरून नसतं. खाली 'शोकाकुल' म्हणून ज्यांची तोंडं छापायची असतात, त्यांच्यावरून असतं.

धंदा खरं तर माझ्या मुलाचा. मी पेंटर. तालमीच्या भिंती, कुस्ती मैदानाच्या जाहिराती, ट्रकच्या मागची वाक्यं, दुकानांच्या पाट्या, सगळं हातानं रंगवलेलं. गल्लीत मला अजून 'पेंटर' म्हणतात आणि त्याला 'पेंटरचा' म्हणायचे. माझं अक्षर बघायला इचलकरंजीहून कापडवाले यायचे, असं मी त्याला लहानपणापासून सांगत आलो होतो. त्यात थोडी भर होती, पण आले होते एक-दोघं.

बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला त्यानं कॉलेजला रामराम ठोकला आणि कुठल्याशा क्लासातून कॉम्प्युटर शिकून आला. मी स्टुलावर बसून एका हार्डवेअरवाल्याचा बोर्ड रंगवत होतो. हा समोर उभा राहून म्हणाला, "आबा, आता ब्रश ठिवा. लोकास्नी आता अक्षर नको हाय, थोबाड पायजे."

मी त्याच्याशी पुढचे काही दिवस बोललो नाही. पण त्याचा पहिला फ्लेक्स चौकात लागला तेव्हा अख्खी गल्ली त्याच्यासमोर उभी राहिली. ज्याचा वाढदिवस होता तो तर तिथून हलेचना. स्वतःकडे बघत उभा राहिला, मग बायकोला घेऊन आला, मग सासऱ्याला. माझ्या बोर्डासमोर इतका वेळ उभा राहिलेला माणूस मला आठवत नाही. पोराचं म्हणणं खरं होतं, आणि हे कळायला मला फार शहाणपण लागलं नाही. मी ब्रश टर्पेंटाइनमध्ये धुऊन डब्यात ठेवले.

तर आमच्या या चिरंजिवांनी पुढची सगळी वर्षं कोल्हापूर गोरं करण्यात घालवली. येणारा प्रत्येक जण फोटो द्यायचा आणि हळू आवाजात म्हणायचा, "जरा उजळ कर की भावा." ऊन खाऊन रापलेले शेतकरी, भट्टीपुढं उभे राहणारे गुऱ्हाळवाले, सगळे त्याच्या माऊसखालून दुधासारखे होऊन बाहेर पडायचे. कोणाला मागं वाघ हवा असायचा, कोणाला सिंह, कोणाला हेलिकॉप्टर. एका पैलवानाला त्यानं वाघाशेजारी उभं केलं, तर पैलवान दुसऱ्या दिवशी हजर. का, तर वाघ मोठा दिसतोय. मुलानं वाघ लहान केला. मग तो मांजर दिसतोय म्हणून पैलवान पुन्हा आला.

त्याच्या तोंडाला मात्र कुलूप नव्हतं. गिऱ्हाईक देवासमान, हे वाक्य मी स्वतः रंगवून दुकानात लावलेलं. त्याच्याखाली बसून तो गिऱ्हाइकाला सांगायचा, "फोटो गोरा हुईल, सोभाव न्हाई." एक जण स्वतःच्या नावामागं 'समाजसेवक' लावा म्हणाला. यानं विचारलं, "कुठला समाज? शेजारपाजाऱ्याला इचारून येऊ काय?" गिऱ्हाईक उठून गेलं. मी चिडलो, तर म्हणतो कसा, "आबा, जाऊ द्या वं. गावात दुसरा फ्लेक्सवाला आपल्याइतकं खोटं लिवणार न्हाई, येतंय बगा परत." आणि ते खरंच परत आलं.

मला त्यानं रिकामं बसू दिलं नाही, हे सांगायला हवं. फ्लेक्सवरच्या मजकुराला आमच्या धंद्यात 'मॅटर' म्हणतात. ते मॅटर लिहायचं काम त्यानं माझ्याकडे दिलं. "तुमचं मराठी चांगलं हाय, तुमी लिवा, मी बसवतो." बसवताना पुन्हा हाक मारायचा, "आबा, ही दोन अक्षरं लांब वाटत्यात काय?" त्याला सगळं कळायचं. तरीही विचारायचा. मी चष्मा लावून, पडद्यासमोर वाकून, थोडा वेळ घेऊन सांगायचो की डावीकडचं जरा आत घे. मग तो तसं करायचा आणि म्हणायचा, "आता कसं, जगात भारी." संध्याकाळी दुकान बंद केलं की मला गाडीवर मागं बसवून रंकाळ्याला न्यायचा आणि वाटेतला प्रत्येक फ्लेक्स दाखवून शिव्या घालत जायचा. दुसऱ्याच्या दुकानातला असला की शिव्या जास्त. मी हसून हसून मागं त्याच्या पाठीवर डोकं टेकायचो. त्या संध्याकाळी माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात चांगल्या होत्या.

तर मॅटर मी लिहायचो. जिवंत माणसासाठी 'धडाडीचे', 'दिलदार', 'युवकांचे स्फूर्तिस्थान'. गेलेल्यासाठी 'अजातशत्रू', 'मनमिळाऊ', 'परोपकारी', 'आपल्या जाण्याने पोकळी'. पोकळीशिवाय कोल्हापुरात कोणी मेलेलं मी पाहिलं नाही. भावाच्या शेताचा बांध कोरून कोरून आयुष्य काढलेल्या माणसाला मी अजातशत्रू केलं आहे, आणि तो फ्लेक्स त्याच भावानं येऊन नेला आहे.

एकदा मुलानं अशी चूक केली की ती फ्लेक्सवाल्याच्याच हातून होऊ शकते. भाजी मंडईत बसणाऱ्या एका मावशींची थोरली बहीण वारली. घरच्यांनी फोटो आणून दिला तो दोघी बहिणी शेजारी बसलेल्याचा. "मोटी घ्या," असं सांगून ते निघून गेले. मुलानं मोठी म्हणजे जाडी समजून धाकटीचा फोटो कापला, उजळ केला, हार घातला आणि चौकात लावून मोकळा झाला. सकाळी मावशी टोपली घेऊन मंडईला निघाल्या आणि स्वतःच्या श्रद्धांजलीखालून गेल्या. त्यांना काही दिसलं नाही. पण मंडईत रोजच्या गिऱ्हाइकानं त्यांना वांगी निवडताना पाहिलं आणि पिशवी टाकून ते पळालं.

दुपारी मावशी दुकानात. "कुटं हाय त्यो मुडदा? आरं, मी जित्ती हाय की!"

मुलगा हात जोडून उभा राहिला. फ्लेक्स ताबडतोब उतरवून आणला. मावशींनी तो दुकानात पसरायला लावला आणि बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "फोटो मात्र झ्याक काढलाईस. टाकू नकोस. मी गेलो की ह्योच लाव." आमच्याकडच्या बायकासुद्धा 'गेलो, आलो' असंच बोलतात, पाहुण्यांना ते समजायला वेळ लागतो. मुलानं तो फ्लेक्स नीट गुंडाळून माळ्यावर ठेवला. तेव्हापासून मावशी दर आठवड्याला त्याला कोथिंबीर फुकट द्यायच्या.

आता तो दिसायला कसा होता ते सांगतो. काळा. आमच्या घरात सगळेच काळे, पण हा जास्त. पेठेतल्या संघाकडून फुटबॉल खेळायचा, गोलकीपर होता. त्यानं अडवलेल्या गोलांपेक्षा त्यानं पंचांना घातलेल्या शिव्या लोकांच्या जास्त लक्षात आहेत. समोरच्या पेठेच्या एका फॉरवर्डच्या गुडघ्यानं त्याचा पुढचा दात अर्धा तुटला होता आणि डाव्या भुवईत टाक्यांची खूण होती. त्या तुटक्या दातामुळं तो हसला की समोरचा माणूसही हसायचा. दात बसवून घे म्हणून मी मागं लागलो होतो. "बसवलं की हसाय कमी येतंय, आबा," हे त्याचं उत्तर.

या दातापायी म्हणा, रंगापायी म्हणा किंवा धंद्यापायी म्हणा, लग्न काही जमलं नाही. हल्ली मुलीकडच्यांना मुलगा पुण्याचा लागतो. तिथं तो दहा बाय दहाच्या खोलीत तिघांबरोबर राहिला तरी चालतो, पण पत्ता पुण्याचा हवा. फ्लेक्सवाला म्हटलं की मुलीचा बाप विचारायचा, "म्हंजे नोकरी न्हाई?" अर्ध्या पेठेचे बायोडेटा आमच्याच दुकानात तयार झाले. तिरळे सरळ झाले, टकल्यांना भांग पडला, लग्नं लागली, पोरं झाली. याचा स्वतःचा फोटो मात्र जसा निघाला तसाच जायचा.

त्याची आई म्हणायची, "सगळ्या गावाला गोरं करतोस, सोताचा येक कर की रं."

"आयं, लगीन झाल्यावर रोज सकाळी उठून कोण एडिट करनार मला?"

ती चिडून आत जायची आणि आत जाऊन हसायची. मला स्वयंपाकघरातून ऐकू यायचं.

एका सकाळी तो दुकानात बसून छाती चोळत होता. जळजळतंय म्हणाला. कोल्हापुरात जळजळ म्हटल्यावर डॉक्टर लागत नाही, रस्त्यावरून जाणारा कोणीही सांगतो. शेजारच्यानं पित्त सांगितलं, समोरच्यानं रात्रीचा तांबडा रस्सा सांगितलं, चहावाल्यानं सोडा आणून दिला. सोडा पिऊन ढेकर आला, म्हणून सगळ्यांना बरं वाटलं. मलाही वाटलं. थोड्या वेळानं तो खुर्चीवरून घसरला. रिक्षात माझ्या मांडीवर त्याचं डोकं होतं आणि मी त्याला काहीबाही बोलत होतो, काय ते आता आठवत नाही. दवाखान्यात पोचलो तेव्हा सगळं संपलं होतं. तेहतीस वर्षांचा होता. मी आजवर शेकडो वेळा 'अकाली' हा शब्द लिहिला, पण त्याचा अर्थ मला ठाऊक नव्हता.

आमच्याकडे तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जन असतं. पंचगंगेच्या घाटावर माणूस मावत नव्हता. आणि जिथं माणूस मावत नाही तिथं भाषण होतंच. आमच्या भागाचे माजी नगरसेवक, ज्यांना सगळे साहेब म्हणतात, पांढऱ्या कपड्यांत पुढं आले. त्यांनी सांगितलं की पेंटरचा मुलगा अजातशत्रू होता, मनमिळाऊ होता, त्याच्या जाण्यानं पोकळी निर्माण झाली आहे. मी ऐकत होतो. सगळे माझेच शब्द होते. मीच त्यांच्या चुलत्याच्या फ्लेक्सला लिहून दिलेले, त्यांनी क्रमसुद्धा बदलला नव्हता. नैवेद्यात त्याच्या आईनं मिसळ ठेवली होती. साहेब पोकळीवर आले तेवढ्यात कावळा उतरला आणि शिवून गेला. एवढ्या लवकर कुणालाच शिवत नाही, असं लोक नंतर सांगत होते. भाषण संपायची वाट बघण्याचा आमच्या पोराचा स्वभावच नव्हता.

गर्दीच्या कडेला एक दणकट माणूस रडत होता. तो समोरच्या पेठेचा फॉरवर्ड, ज्याच्या गुडघ्यानं दात तुटला तो. माझ्याजवळ येऊन म्हणाला, "काका, लई घाण शिव्या द्यायचा वं. माझ्या आज्ज्यापर्यंत जायचा." त्या दिवशी माझ्या मुलाबद्दल बोललेलं ते एकच वाक्य मला खरं वाटलं. मी त्याला पोटाशी धरलं.

मंडईतल्या मावशी घरी आल्या. दाराशीच बसल्या, आत येईनात. त्याच्या फोटोकडे बघून म्हणाल्या, "माजा फोटो माळ्यावर ठिवलास आणि तू फुडं गेलास व्हय रं?" त्याची आई तोपर्यंत रडली नव्हती. ते ऐकून रडली.

आता इथून पुढं फ्लेक्सची गोष्ट. चारच दिवस झाले असतील, लोक भेटायला यायचे, चहा नको म्हणायचे, घ्यायचे, आणि जाताना दारात चपला घालता घालता विचारायचे, "पेंटर, फ्लेक्स कवा लावताय?" आधी मला वाटलं की बोलायला काही नाही म्हणून विचारतात. मग लक्षात आलं की गाव वाट बघतंय. सगळ्या गावाच्या मयताला फ्लेक्स लावणारा आपल्या पोराला किती मोठा लावतो, हे बघायचं होतं. एक जण तर सरळ म्हणाला, "लोकं नावं ठेवत्याल. घरचं मशीन असून लावला न्हाई म्हनतील." एका वर्तमानपत्राचा वार्ताहर येऊन गेला. त्याची सूचना अशी की मी जुना ब्रश हातात घ्यावा, मुलाचं चित्र भिंतीवर रंगवावं, तो फोटो काढेल आणि बातमी छान होईल. मथळा त्यानं आधीच ठरवला होता. मी म्हटलं, मला माणसाचं तोंड काढता येत नाही, मी अक्षरं काढतो. त्याचा हिरमोड झाला.

पोराच्या आईला फ्लेक्स नको होता. ती रोज सकाळी चौकातून दूध आणायला जाते. गेली तीस वर्षं त्याच वाटेनं. ती म्हणाली, "त्येच्या नावाम्होरं त्ये कैलासवासी मला रोज वाचाय लावू नका. मी मरून जाईन." आणि दुसरीकडे पोराचे मित्र. ते चुकत नव्हते. त्यांनाही काहीतरी करायचं होतं, आणि आमच्या गावात काहीतरी करायचं म्हणजे फ्लेक्सच लावतात, ते त्यांना माझ्याच घरानं शिकवलेलं. ते रोज संध्याकाळी दुकानाच्या पायरीवर येऊन बसायचे. त्यांच्यातला सगळ्यात जवळचा, जो त्याच्यापुढं बचावाला खेळायचा, तोच आता आमच्या कॉम्प्युटरवर बसत होता. तो म्हणाला, "आबा, तुमी फकस्त मॅटर द्या. बाकी मी करतो."

मी बसलो. कागद घेतला. इतकी वर्षं ज्या हातानं कोणाच्याही बापाला परोपकारी केलं त्या हाताला एक ओळ सुचेना. 'अजातशत्रू' लिहिलं तर तो फॉरवर्ड हसेल. 'मनमिळाऊ' लिहिलं तर अर्धी गिऱ्हाइकं हसतील. सगळ्यात जास्त तो स्वतः हसला असता, तो तुटका दात दाखवून, आणि म्हणाला असता की आबा, कुणाचं मॅटर माझ्यावर टाकलंय? मी कागद कोराच परत दिला. आतून इतका राग आला होता की समोरचं टेबल उलथावंसं वाटलं. राग कुणावर होता ते सांगता येत नाही, सगळ्यांवरच होता.

मित्रानं मग आपल्या परीनं डिझाइन केलं. त्यासाठी मंडळी जमली. वरच्या डाव्या कोपऱ्यात साहेबांचा फोटो घ्यायचा, हे साहेबांच्या माणसानं येऊन सांगितलं. हात जोडलेला, पण हसरा, कारण तोच चांगला निघालाय. उजव्या कोपऱ्यात तालमीचे अध्यक्ष. मग उपाध्यक्ष म्हणाले की अध्यक्ष आहेत तर आम्ही का नाही. खाली शोकाकुल. गोलात चेहरे, एका ओळीत सात, अशा ओळी वाढत चालल्या. जो तो मोबाइलमधून आपला फोटो पाठवत होता आणि जवळजवळ सगळे फोटो गॉगल घातलेले. एकानं हळूच सांगितलं, "जरा उजळ कर." ओळी वाढल्या तसा मधला फोटो लहान करावा लागला.

तेवढ्यात त्याची आई दुकानात आली. मुलगा गेल्यापासून ती दुकानाची पायरी चढली नव्हती. "दाखवा, काय करालाय ते," म्हणाली. सगळे बाजूला झाले. ती पडद्यासमोर उभी राहिली. वरपासून खालपर्यंत बघितलं. मग पुन्हा वरून बघितलं.

"ह्यात आपला कुटला?"

मित्रानं मधल्या फोटोवर बोट ठेवलं. त्यानं जीव लावून काम केलं होतं. दोस्ताला गोरा केला होता. भुवईतली खूण काढली होती. दात पूर्ण केला होता.

ती म्हणाली, "ह्यो कोन?"

मित्र खुर्चीवरून उठला आणि बाहेर जाऊन पायरीवर बसला. मी पाहिलं तर तो तोंडावर हात धरून रडत होता. त्याचा काही दोष नव्हता. त्याला हे काम माझ्याच मुलानं शिकवलं होतं, तो ते नीट शिकला होता.

ती मात्र हलली नाही. खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, "त्येचा तसाच हाय तसा फोटो हाय काय?" मित्रानं आपल्या मोबाइलमधला काढून दिला. दुकानाच्या दारात उभा, खांद्यावर टॉवेल, कुणावर तरी हसतोय, दात तुटका, रंग त्याचा त्याचाच. ती म्हणाली, "ह्योच लावा. बाकीचं सगळं काडा. लिवायचं कायबी न्हाई. मी रोज बगीन."

साहेबांच्या माणसानं विचारलं, "वैनी, निदान भावपूर्ण श्रद्धांजली तरी?"

"मी काय श्रद्धांजली वाहिलेली न्हाई अजून," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी चौकात फ्लेक्स लागला. नुसता फोटो. वर काही नाही, खाली काही नाही. तोवर फ्लेक्सवर इतका मोकळेपणा आमच्या चौकानं पाहिला नव्हता, त्यामुळं गोंधळ उडाला. लोक दुकानात येऊन आपुलकीनं सांगायचे, "पेंटर, मॅटर छापायचं राहिलंय." कोणी म्हणालं शाई संपली असेल. एकानं स्वतःहून मजकूर लिहून आणला, चार ओळी, यमक जुळवून. शेजारच्या गल्लीतल्या एका हुशार माणसाला वाटलं की ही नवीन पद्धत आली आहे. त्यानं आपल्या चुलत भावाच्या वाढदिवसाचा फ्लेक्स असाच बिनमजकुराचा मागितला आणि शेवटी धीर न होऊन त्यावर 'किंग' तेवढं लिहून घेतलं. साहेब माझ्याशी बोलेनासे झाले. पोराच्या मयतात राजकारण आणलं, असं ते कुठंतरी म्हणाल्याचं मला येऊन सांगण्यात आलं.

त्याची आई रोज सकाळी दुधाची किटली घेऊन जायची, फ्लेक्सखाली थांबायची, वर बघायची आणि मग पुढं जायची. पहिल्या दिवशी मी तिच्या मागोमाग गेलो होतो, ती कोसळेल म्हणून. ती कोसळली नाही. येताना परत थांबली. तिच्या ओठांची हालचाल दिसत होती. काय बोलली ते मी विचारलं नाही, ते त्या दोघांचं होतं.

पण चौकातली जागा कुणाच्या बापाची नसते, ती बांबूवाल्यांची असते, आणि बांबू साहेबांच्या मंडळाचे. पुढच्या आठवड्यात साहेबांचा वाढदिवस आला. तिथं दरवर्षी त्यांचाच फ्लेक्स लागतो, सगळ्यात मोठा, आणि तो छापतोही मीच. मॅटर लिहून आलं, मी छापून ठेवलं. मंडळाचा निरोप आला की पेंटर, तुमचा तुम्ही उतरवून घ्या, आमच्या पोरांनी हात लावलेला बरा दिसायचा नाही. यात त्यांनी मला मान दिला, असं मी समजलो. सकाळी मी शिडी आणि कटर घेतला. रिक्षात साहेबांचा फ्लेक्स गुंडाळून टाकला, म्हणजे एका खेपेत दोन्ही कामं होतील. तिला म्हटलं, तू नको येऊस. ती म्हणाली, "मी येतो. शिडी कोन धरनार?"

मी वर चढलो. खालच्या दोन कोपऱ्यांची सुतळी कापली. फ्लेक्स वाऱ्यानं फडफडला आणि त्याचा चेहरा माझ्या अंगावर आला. मी हातानं बाजूला केला. वरच्या कोपऱ्याला कटर लावणार एवढ्यात खालून आवाज आला.

"पावनं, वाडदिवस काय वं ह्येंचा?"

एक म्हातारा उभा होता. डोक्याला पटका, खांद्याला पिशवी. मी शिडीवर दिसल्यामुळं त्याला वाटलं की आम्ही फ्लेक्स बांधतोय. शिडी धरलेली पोराची आई म्हणाली, "व्हय."

"कितवा?"

"चौतिसावा."

म्हाताऱ्यानं डोळ्यांवर हात धरून वर पाहिलं. "आमी आजऱ्याकडचं, पोरीकडं आलोय. ह्येस्नी वळखत न्हाई, पर मानूस दिलदार दिसतंय. हसतंय बगा कसं, कायबी लपवून ठेवत न्हाई." मग त्यानं पिशवी काखेत धरली आणि फ्लेक्सकडे बघून दोन्ही हात जोडले. "शंबर वर्सं जगू दे लेकरू. माजं म्हनून सांगा त्येस्नी."

"सांगतो की," ती म्हणाली.

म्हातारा रस्ता ओलांडून गेला. मी तसाच वर उभा होतो, कटर हातात. ती वर बघत नव्हती. तिनं शिडी दोन्ही हातांनी घट्ट धरली होती आणि कपाळ पायरीला टेकवलं होतं.

"बांधा परत," ती म्हणाली.

मी खिशातली नवी सुतळी काढली आणि खालचे दोन्ही कोपरे बांधले. मग वरच्यांच्या गाठीही पुन्हा आवळल्या. साहेबांचा फ्लेक्स रिक्षात होता, तो तसाच गुंडाळलेला दुकानात परत नेऊन ठेवला.